नवा सिनेमा देखणा, मग रडू जुन्यालाच का येतं?

परभणीच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय : 'मुलगा सातवीत आहे. त्याच्या मते १९९५ चा "टॉय स्टोरी" म्हणजे गरीब ग्राफिक्स, आणि नवे सिनेमे भारी. माझे डोळे नव्यांनी दिपतात, पण गळा दाटून येतो तो जुन्यांतच. ॲनिमेशनचा दर्जा आणि मनाला भिडणं, यांची तुलना करायची तरी कशी? शिवाय उन्हाळी सुट्टीआधी शाळेत दोन-तीन सिनेमे दाखवायचे आहेत. कोणते घ्यावेत?'

ताई, मी अंबाजोगाईचा. हैदराबाद आणि मुंबईच्या स्टुडिओंत चौदा वर्षं कॅरेक्टर ॲनिमेशन, म्हणजे पात्रांना हलवायचं काम केलं, आता लातुरात पोरांना तेच शिकवतो. त्यामुळे हे उत्तर कारागिराचं आहे. तुमचा मुलगा चुकलेला नाही आणि तुम्हीही नाही. तुम्ही दोघं एकाच सिनेमात वेगवेगळ्या टेबलांवरचं काम बघताय. त्याला दिसतं ते लाइटिंग आणि रेंडरवाल्यांचं (संगणकाकडून शेवटचं चित्र काढून घेतात ते), केस-कापड-पाणी सांभाळणाऱ्यांचं. तुमचा गळा दाटतो तो स्टोरीबोर्डवाल्यांमुळे (गोष्ट आधी कागदावर चित्रांत मांडतात ते) आणि ॲनिमेटरमुळे. पहिल्या टेबलांवर दर दोन-चार वर्षांनी नवं यंत्र येतं, म्हणून त्यांचं काम लवकर जुनं दिसायला लागतं. दुसऱ्या टेबलांवर अजून माणूसच बसलेला असतो.

पण म्हणून 'गोष्ट चांगली पाहिजे, तंत्राचं काय एवढं' हे जे सगळे सांगत फिरतात, ते मला पटत नाही. कोणती गोष्ट सांगता येणार हे बऱ्याच वेळा तंत्रानंच ठरवलेलं आहे. पिक्सार या अमेरिकन स्टुडिओचा 'टॉय स्टोरी' हा संपूर्ण संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. नायक खेळणीच का? कारण तेव्हाच्या संगणकाला प्लास्टिक जमायचं. गुळगुळीत, चकचकीत, कडक. माणसाची कातडी जमत नव्हती. त्यातली माणसं आज पुन्हा बघा, शेजारच्या त्या व्रात्य पोराला बघून अंगावर काटा येतो, आणि तो सगळाच काही मुद्दाम आणलेला नाही. पुढं १९९८ मध्ये त्याच पिक्सारनं मुंग्या घेतल्या, म्हणजे पुन्हा कडक कवचाचे जीव. २००१ मध्ये 'मॉन्स्टर्स इंक' आला. त्यातल्या निळ्या राक्षसाच्या अंगावर सुमारे २३ लाख केस होते. २००३ ला 'फाइंडिंग निमो'त पाणी आलं. आणि २००४ च्या 'द इनक्रेडिबल्स'मध्ये कुठं अख्ख्या सिनेमाचा भार माणसांवर टाकायची हिंमत झाली, तीही व्यंगचित्रासारख्या माणसांवर. ओळीनं लावून बघा : आधी प्लास्टिक, मग कवच, मग केस, मग पाणी, मग माणूस. जसजसं तंत्र आलं तसतशी गोष्ट मोकळी होत गेली.

'कोको' (२०१७) हे याचं माझं आवडतं उदाहरण. शेवटी पणतू खोलीत बसून गातो आणि खुर्चीतल्या पणजीच्या चेहऱ्यात जीव येतो. तो सगळा प्रसंग एका सुरकुतलेल्या चेहऱ्यावर तोललेला आहे. गालाची सैल कातडी, आत गेलेले ओठ, पापणीखालचा ओलावा. कातडीत प्रकाश थोडा आत शिरून पसरतो, म्हणून माणूस मेणाचा किंवा लाकडाचा दिसत नाही. हे संगणकाला शिकवायला वर्षं गेली. १९९५ साली तो प्रसंग कोणी लिहिला असता तरी दाखवता आला नसता. म्हणजे तुमच्या मुलाला जे 'भारी' वाटतं, त्यातलं काही खरोखरच तुमच्या डोळ्यांतल्या पाण्याच्या कामाचं असतं.

मग फसतं कुठं? मी माझ्या पोरांना तीन जागा बघायला सांगतो. नजर, थांबणं, वजन.

नजर आधी. माणसाला काही सुचलं की पहिल्यांदा डोळे हलतात, मग मान, मग खांदे. या क्रमातच 'हा विचार करतोय' असं आपल्याला वाटतं. घाईच्या कामात सगळं एकदमच वळतं, आणि पात्र दार उघडल्यासारखं फिरतं. पापणीही उगाच मिटत नाही. विचार बदलला की मिटते. 'वॉल-ई' (२००८) मधल्या रोबोला तोंड नाही, भुवया नाहीत, कातडी नाही. दुर्बिणीसारखे दोन डोळे, बस. ते बाहेरून खाली झुकले की तो रडवेला दिसतो, वर गेले की हरखलेला. सिनेमाच्या सुरुवातीची बरीच मिनिटं जवळजवळ संवादच नाहीत, आणि तरी एकही जण 'हा काय म्हणतोय' असं विचारत नाही.

थांबणं म्हणजे आमच्या भाषेत होल्ड. आपल्याकडं कीर्तनाला बसलेल्या कोणाही माणसाला हे कळतं. बुवा 'आणि मग…' म्हणून टाळ धरून थांबतात, मंडपातलं खोकणंसुद्धा बंद होतं. ते थांबणं काढून टाका, अभंग तोच राहील पण मंडपात कुजबुज सुरू होईल. ॲनिमेशनमध्ये थांबणं फार महाग पडतं, कारण पूर्ण थांबवलं की संगणकातलं पात्र मढं दिसतं. थांबलेलं असतानाही श्वास, बुबुळांची बारीक हालचाल, बोटांचा ताण चालू ठेवावा लागतो. मोठ्या चित्रपटाच्या कामात एका ॲनिमेटरकडून आठवड्याला तीन-चार सेकंद निघाले तर चांगलं मानतात. मी टीव्हीच्या मालिका करायचो तेव्हा दिवसाला पंधरा-वीस सेकंद द्यावे लागायचे. मग आम्ही काय करायचो? पात्राला बोलतं ठेवायचो आणि हात हलवत ठेवायचो. बोलणाऱ्या पात्राचं बिंग लवकर फुटत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच ॲनिमेशनमध्ये पात्रं अखंड बडबडतात, त्याचं एक कारण हे आहे. लेखकाला दोष द्यायच्या आधी दिवसाचे सेकंद मोजा.

आणि वजन. संगणकात कळशी शून्य किलोची असते. पर्वतही शून्य किलोचाच. वजन ॲनिमेटरनं घालायचं असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा गल्लीत टँकर आला की माझ्या वर्गाची पोरं वह्या घेऊन उभी राहायची. भरलेली कळशी कमरेवर घेतलेली बाई दुसरा हात किती लांब धरते, पाऊल कुठं टाकते, रिकामी असताना तीच बाई कशी झपाझप चालते. एका पोरानं ते पाहून तीस सेकंदांचा शॉट केला. रंग नाहीत, कपडे नाहीत, राखाडी बाहुली नुसती. त्याची आई बघून म्हणाली, 'ही लई दमलीय.' रेंडर झालेलाच नव्हता अजून.

यावर तुमचा मुलगा म्हणेल की हे सगळं सर लोकांचं बोलणं. त्याला एकदा अजिंठ्याला न्या, सोळाव्या लेण्यात. तिथं जिला 'मरणासन्न राजकुमारी' म्हणतात ते चित्र आहे. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद, त्याची बायको सुंदरी, नवरा भिक्षू झाल्याची बातमी आणि त्याचा मुकुट समोर आलेला. मान एका बाजूला कललेली, पापण्या जड, बोटांतला जीव गेलेला, मागून एक दासी तिला सावरतेय. दीड हजार वर्षांत रंगाचे पोपडे उडाले, लेण्यात उजेड कमी, आणि चित्र काही हलत नाही. तरी कळतं. आमच्या धंद्यात ज्याला पोझ म्हणतात ती एवढी पक्की असली की बाकी सगळं कमी पडलं तरी चालतं. पोझ कच्ची असली तर मात्र २३ लाख केसही तिला सावरत नाहीत.

याची खात्री मला एका रात्री बीड जिल्ह्यातल्या एका हंगामी वसतिगृहात पटली. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात, लेकरं मागं राहतात, त्यांच्यासाठी गावातच जेवणाची-राहण्याची सोय करतात ते हे वसतिगृह. मी प्रोजेक्टर घेऊन गेलो होतो. 'फाइंडिंग निमो' लावला, इंग्रजीच. सुरुवातीला दोन वाक्यांत सांगितलं की हा बाप, हे त्याचं एकुलतं एक लेकरू, आणि समुद्र. वीस-पंचवीस मिनिटांनी वीज गेली. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालू राहिला, पण आवाजाचा डबा वेगळ्या बोर्डावर होता, तो बंद. मी वायर शोधत होतो, जोडायला चांगला अर्धा तास गेला. तेवढा वेळ सिनेमा मुका चालला. एकही लेकरू उठलं नाही. कासवांच्या प्रसंगाला हसली, जेलीफिशच्या प्रसंगाला गप्प झाली, जिथं हसायचं तिथंच आणि जिथं गप्प व्हायचं तिथंच. पुढं बसलेल्या एका पोरीनं मान न वळवता विचारलं, 'सर, बापाला सापडतंय का वो ते?' मी म्हणालो, बघ की. ती म्हणाली, 'सांगा की, मग बघते.'

पुढच्या आठवड्यात मुद्दाम दुसरा एक सिनेमा नेला, खूप नवा, दृश्यांनी डोळे फाटतील असा. मध्येच आवाज बंद केला. दहा मिनिटांत अर्धी पोरं पाणी प्यायला गेली. त्या सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण ही काही शास्त्रीय चाचणी नव्हती. त्या दिवशी जेवणही उशिरा झालं होतं. पण तेव्हापासून मी दोन सिनेमांची तुलना अशीच करतो : आवाज बंद करून पंधरा मिनिटं. पात्र पुढं काय करणार हे त्यानं करायच्या आधी कळत असेल, तर तिथं कोणीतरी मन लावून बसलेलं होतं.

आता दर्जा कमालीचा आणि तरी मन कोरडं, हे कसं होतं ते. २००१ मध्ये 'फायनल फँटसी' नावाचा सिनेमा आला होता. हुबेहूब माणसं करायची जिद्द. नायिकेच्या डोक्यावर सुमारे ६० हजार केस, प्रत्येक वेगळा हलणारा. सिनेमा आपटला. २००४ मध्ये 'द पोलर एक्सप्रेस'नं खऱ्या नटांच्या हालचाली टिपून त्या संगणकातल्या पात्रांवर चढवल्या, टॉम हँक्ससारखा नट होता, आणि लोकांना त्या लेकरांचे डोळे बघून कसंसंच झालं. जपानच्या मासाहिरो मोरी या यंत्रमानव-तज्ज्ञानं १९७० मध्येच हे लिहून ठेवलं होतं : पुतळा माणसासारखा होत गेला की जवळचा वाटायला लागतो, पण फार जवळ गेला आणि थोडाच चुकला की एकदम किळस येते. बुजगावण्याला आपण भीत नाही. तेच संध्याकाळी शेताच्या बांधावर माणसासारखं वाटलं की काळजात धस्स होतं. जवळपास तेच.

'द लायन किंग'ची जोडी तर आयती तुलना आहे. १९९४ चा हातानं काढलेला, २०१९ चा संगणकावरचा. कथा जवळजवळ तीच, गाणी बरीचशी तीच. २०१९ च्या सिनेमात सुरुवातीचा एक शॉट सोडला तर काहीच खरं चित्रित केलेलं नाही, आणि आयाळीतला वारा बघून मी स्वतः खुर्चीत पुढं सरकलो होतो. पण खऱ्या सिंहाला भुवया नाचवता येत नाहीत. त्यांनी प्राण्यांशी इमान राखलं आणि बाप मेलेल्या बछड्याचा चेहरा हरवला. तंत्र इथं कमी पडलं नाही, एक निवड कमी पडली. मला तो सिनेमा जंगलाच्या माहितीपटासारखा बघायला आवडतो. रडू मात्र १९९४ च्यालाच.

उलट, 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) बघताना माझा पुतण्या म्हणाला, 'काका, हे अटकायलंय की.' नेट अडकलं नव्हतं. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे चोवीस चित्रं असतात, पण नवख्या नायकाची पोझ पुष्कळदा दर दोन फ्रेमला बदललीय, म्हणजे सेकंदाला बाराच पोझ. जंगलातून दोघं झोके घेतात तिथं बघा : तरबेज गुरू सफाईदार हलतो, शिकाऊ पोरगा धडपडत. कमी फ्रेम वापरून त्याचं कच्चेपण दाखवलंय. तुमच्या मुलाच्या हिशेबानं हे 'गरीब ग्राफिक्स' ठरेल. या सिनेमाला ऑस्कर मिळालं.

स्वस्तातला सिनेमा म्हणाल तर 'फ्लो' (२०२४). लॅटव्हियासारख्या छोट्या देशातला, ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला. माझ्या वर्गातली पोरं तेच वापरतात. एक मांजर, पूर, एक नाव आणि चार-पाच जनावरं. एक शब्द संवाद नाही. मांजराच्या अंगावर वेगळे केससुद्धा दिसत नाहीत, रंगाचे फटकारे दिसतात. पण ते मांजर उडी मारायच्या आधी ज्या पद्धतीनं अंग मागं घेतं, त्यासाठी कोणीतरी महिनोन्महिने मांजर बघितलेलं आहे. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर त्यालाच गेलं.

एक गोष्ट मात्र आम्हा कारागिरांच्या हातात नसते. बघणारा घरून काय घेऊन येतो ती. 'अप' (२००९) च्या सुरुवातीला जवळपास चार मिनिटांत एका जोडप्याचा अख्खा संसार होतो, शब्दाविना. दूरच्या धबधब्याला जायचं म्हणून ते बरणीत पैसे टाकतात. गाडीचं टायर जातं, बरणी फुटते. नवऱ्याचा पाय मोडतो, बरणी फुटते. घरावर झाड पडतं, पुन्हा फुटते. पुढं त्या सिनेमात फुग्यांनी उडणारं घर आहे, दहा हजारांवर फुगे आहेत, अप्रतिम केलंय. कोणी तिथं रडत नाही. रडतात बरणीपाशी. आपल्याकडं पेरणीला ठेवलेले पैसे दवाखान्यात गेले नाहीत असं घर कुठलं? माझ्या आईनं तो प्रसंग बघून एवढंच म्हटलं, 'असंच असतंय.' तिला टेकडी, धबधबा, अमेरिका, काही समजावून सांगावं लागलं नाही. टेकडीचं बघा अजून एक : तरुणपणी ती पुढं पळत चढते, तो मागं धापा टाकतो, शेवटी तीच चढताना कोसळते. जागा तीच, क्रम उलटा. चार मिनिटं लिहिणाऱ्यानं ही वीण घातली ती कागदावर, पेन्सिलीनं. संगणक नंतर आला.

घरून आणलेलं हे सामान ठिकाणागणिक बदलतं, हे बनवणाऱ्यांनाही माहीत असतं. 'इनसाइड आउट' (२०१५) मध्ये लहान मुलीला ब्रोकोलीची शिसारी येते; जपानसाठी त्यांनी तिथं हिरवी ढोबळी मिरची केली, कारण तिथल्या पोरांचं नाक मुरडतं ते ढोबळीला. परभणीसाठी करायचं असतं तर कारलं करावं लागलं असतं. आणि म्हणूनच आपल्याकडं पुराणकथेवरचा ॲनिमेशनपट कारागिरीत कच्चा असला तरी थिएटर गहिवरतं. प्रल्हाद आजीनं आधीच डोळ्यांत पाणी आणून सांगून ठेवलेला असतो. पडद्यानं नुसता खांब दाखवला तरी पुरतं. हे मी कमी लेखत नाही, पण ते श्रेय आजीचं आहे. ॲनिमेटरला गुण द्यायचे तर गोष्ट अजिबात माहीत नसलेल्या प्रेक्षकापुढं द्यावेत.

तुमचं वय झालं म्हणून जुन्यात रडू येतं का, असंही तुमच्या प्रश्नात कुठंतरी आहे. थोडं खरं आहे. वीस-पंचवीस वर्षांत जे आपटलं ते आपण विसरलो, टिकलं तेवढंच 'जुनं' म्हणून हाताशी राहिलं. आजच्या ढिगातलं टिकायचं अजून चाळून व्हायचंय.

आता शाळेसाठी. तुमच्या वर्गात पूर्ण अंधार होणार नाही, खिडक्यांना गोणपाट लावलं तरी. म्हणून रात्रीचे प्रसंग जास्त असलेले सिनेमे नकोत. उन्हात प्रोजेक्टरवर नुसता काळा ठोकळा दिसतो. संवादांवर चालणारे नकोत, कारण शाळेच्या आवाजाच्या डब्यातून फक्त 'भों भों' ऐकू येतं. खालच्या वाचताना अडखळणाऱ्या वर्गांना सबटायटल नकोत. उरतात ते असे : पहिली ते चौथीला 'निमो' चालेल, फक्त सुरुवातीला आई मरते तिथं बारक्यांजवळ बसा. पाचवी ते सातवीला 'वॉल-ई'. 'फ्लो' कोणालाही दाखवा, पण ज्या गावात नुकतंच पुराचं पाणी घरात शिरून गेलंय तिथं थोडं थांबून. 'टॉय स्टोरी'चा तिसरा भाग (२०१०) छान आहे, तरी शेवटच्या भट्टीच्या प्रसंगाला लहान लेकरं घाबरतात, तो मोठ्यांना. 'हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन' (२०१०) चा अख्खा सिनेमा जमला नाही तरी पोरगा आणि ड्रॅगनची पहिली ओळख होते तेवढी पाच-सात मिनिटं दाखवा. पोरगा हात पुढं करतो आणि तोंड फिरवून घेतो. जवळ यायचं की नाही ते त्या जनावरावर सोडतो. मी कॅरेक्टर ॲनिमेशनचा पहिला तास त्यावरच घेतो.

आणि घरी मुलासाठी एवढं करा. त्याच्या आवडीच्या सर्वांत भारी सिनेमातला कोणताही प्रसंग त्याला निवडू द्या. तो आणि 'अप'ची ती चार मिनिटं, दोन्ही आवाज बंद करून एकापाठोपाठ लावा. काही समजावू नका. डोळे पुसताना दिसला तर तुम्ही स्वयंपाकघरात जा, सातवीतला आहे.